दोन बंदरं

साल २००६. मे महिना लागला होता. त्याच महिन्यात सान तेल्मो या कोळ्यांच्या गावात एउदोसिया केरेवालूच्या घरी पहिल्यांदा फोन वाजला, आणि पहिल्याच दिवशी तिने तो आपटून ठेवला.

फोन तसा साधाच, करडा, बटणांचा. पण त्याची तार भिंतीत न जाता एका काळ्या डब्यात जायची. साबणाच्या वडीएवढा डबा आणि त्यावर हिरवे दिवे. तो इटलीतून आला होता. एउदोसियाची लेक असुसेना जेनोआला एका म्हाताऱ्या बाईची सेवा करायला राहिली होती. सुट्टीवर येणाऱ्या ओळखीच्या बाईबरोबर तिने तो पाठवला होता. सोबत चिठ्ठी नाही की निरोप नाही. मायलेकींचं सहा वर्षं बोलणंच नव्हतं. असुसेना गेली त्या सकाळी, बस सुटता सुटता, एउदोसिया म्हणाली होती, "गेलीस तर मला मेलीस." आणि लेकीने खिडकीतून उत्तर दिलं होतं, "मग काळं नेस. नाहीतरी बाबा गेल्यापासून नेसतेसच."

दोघी एका मुशीतल्या. कुणी कुणाला समजवायचं?

डबा आला तेव्हा एउदोसिया म्हणाली, "मला नको हे खेळणं." पण परतही पाठवला नाही. शेजारच्या ग्रिमानेसाने ते बरोब्बर हेरलं. असुसेनाच्या बाप्तिस्म्याला धर्माची आई म्हणून तिला हातावर घेतलं होतं ते ग्रिमानेसानेच. त्या नात्याने दोघी एकमेकींच्या कोमाद्रे. कोमाद्रेचं नातं म्हणजे बहिणीहून जवळचं आणि सवतीहून भांडखोर.

"राहू दे की डबा," ग्रिमानेसा म्हणाली. "काही खायला मागतोय का तो?"

इंटरनेटची लाइन ग्रिमानेसाच्या घरात होती. तिचा जावई तेओदोमिरो बोटीवर जाळी ओढायचा, पण त्याचा खरा जीव तारांत. त्याने सासूच्या घरातल्या राउटरपासून एक निळी तार काढली, छपरावरून फिरवली, एउदोसियाच्या खिडकीच्या फटीतून आत घेतली आणि डब्याला जोडली. दिवे हिरवे झाले. त्याने रिसीव्हर कानाला लावला, आत 'ऊंऽऽ' ऐकू आलं.

"झालं, दोन्या एउदोसिया," मोठ्या बाईंना मानाने म्हणतात तसं तो म्हणाला. "आता इटली म्हणजे तुमच्या मागच्या अंगणात."

आणि दुसऱ्या पहाटे तो समुद्रावर निघून गेला.

एउदोसिया रोज सकाळी त्या डब्यावरची धूळ पुसायची. कुणी पाहिलंच तर म्हणायची, "मीठ फार उडतं हो इथे." नंबर फक्त असुसेनाला ठाऊक होता.

तो वाजला रविवारी दुपारी. एउदोसिया अंगणात बांगड्यांना मीठ चोळत होती. हात ॲप्रनला पुसत धावली.

"कोण?"

काही नाही.

"असुसेना?"

काहीच नाही. खरखर नाही, श्वास नाही. विहिरीत कान घातल्यासारखी शांतता.

"पोरी, तूच ना? बोल की."

ती थांबली. आणखी थांबली. मग हळूहळू तिच्या मनात विष चढू लागलं. सहा वर्षांनी फोन करायचा आणि गप्प बसायचं? म्हातारी किती गयावया करते ते ऐकायला?

"ऐक," ती म्हणाली, आणि आता तिचा बाजारातला आवाज लागला होता, दोन गल्ल्यांपलीकडून गिऱ्हाईक ओढणारा. "तोंड उघडायचं नव्हतं तर डबा कशाला पाठवलास? पुन्हा या घरी फोन करायचा नाही!"

आणि तिने फोन आपटला. त्या दिवशीचे बांगडे इतके खारट झाले की मांजरानेही तोंड फिरवलं.

तासाभराने दारात नोएलिया उभी. नोएलिया पान्ता म्हणजे असुसेनाची शाळेतली मैत्रीण. चौकात तिची कॅबिना होती. पाच-सहा संगणक, प्रत्येकाला प्लायवूडचा आडोसा, आणि बाहेर पाटी: 'इंटरनेट, झेरॉक्स, केळ्याचे वेफर'. वेफर ती स्वतःच जास्त खायची.

"तिया," ती धापा टाकत म्हणाली; गावातल्या मोठ्या बायकांना ती तिया, म्हणजे आत्या-मावशीच, म्हणायची. "काय बोललात तुम्ही असुसेनाला?"

"मी? ती काय बोलली ते विचार! दगडासारखी गप्प."

"गप्प नव्हती हो! आत्ता मला ईमेल आलं तिचं. ती सगळं बोलली. मुलगी झाली म्हणून सांगितलं तुम्हाला. जूनमधल्या सान पेद्रोच्या सणाला तिला घेऊन येऊ का, बाप्तिस्मा इथेच करू, असं विचारलं. आणि तुम्ही म्हणालात, पुन्हा या घरी फोन करू नकोस."

एउदोसिया उलट्या ठेवलेल्या मासळीच्या पेटीवर मटकन बसली.

"मुलगी?"

"मुलगी. सात महिन्यांची. बियांका."

"मला ऐकू नाही आलं," एउदोसिया म्हणाली. मग पुन्हा, जणू स्वतःलाच, "नोएलिया, सान पेद्रोची शपथ. मुंगीसुद्धा ऐकू आली नाही."

"मी लिहिलं तिला तसं. म्हटलं काहीतरी बिघाड असेल. तर लगेच उत्तर: 'शाळेतही तू माझ्या आईचीच बाजू घ्यायचीस. मी तिचा आवाज स्वच्छ ऐकला. मग तिला माझा कसा नाही येणार?' पुढच्या रविवारी, माध्यान्हीच्या घंटेनंतर, ती एकदाच फोन करणार आहे. लगेच दुसऱ्या दिवशी तिला मालकिणीला रजेचं सांगायचं आहे. तुम्ही नाही म्हणालात तर ती येणार नाही, आणि परत विचारणारही नाही."

"मग आत्ता लिही तिला!"

"गेली ती. त्या म्हातारीजवळ चोवीस तास राहते, फक्त रविवारी बाहेर पडते. फोनसुद्धा रस्त्यावरच्या दुकानातून करते. आता रविवारपर्यंत तिला गाठायची सोय नाही."

एउदोसियाने डब्याकडे पाहिलं. दिवे हिरवेगार. कुत्र्याने चप्पल पळवून निरागस चेहऱ्याने बसावं, तसा तो बसला होता.

सोमवारी समुद्र फिरला. वारा नाही, ढग नाही, आणि तरी लांबून, कुठल्या तरी दुसऱ्याच समुद्रातून आल्यासारख्या लाटा धक्क्यावर चढू लागल्या. बंदर कचेरीवर लाल बावटा लागला. आत कुणी यायचं नाही, बाहेर कुणी जायचं नाही. बायका घराघरांतून एकमेकींना सांगत होत्या, "बंदर बंद झालं गं."

मंगळवारी एउदोसिया कॅबिनात गेली. डब्याच्या कंपनीचा मदतीचा नंबर नोएलियाने शोधून ठेवला होता. नोएलियाला त्याच दिवशीच्या गाडीने चुलत बहिणीच्या लग्नाला पिउराला जायचं होतं. तिने नंबर फिरवला, रिसीव्हर एउदोसियाच्या हातात दिला आणि पिशव्या बांधायला धावली.

पलीकडे एक मुलगी होती, आवाज अगदी इस्त्री केलेला. तिने बरंच काही विचारलं. दिवे कोणते पेटलेत? बेल वाजते का? समोरच्याला तुमचं ऐकू जातं का? मग ती म्हणाली,

"सेन्योरा, कारण समजलं. तुमचं बंदर बंद आहे."

आमच्या भाषेत बंदराला म्हणतात पुएर्तो. होडी लागते ते पुएर्तो, हे सान तेल्मोत रांगत्या पोरालाही ठाऊक. यंत्रातल्या कुठल्याशा दारालाही तेच नाव आहे, हे एउदोसियाला कुणी सांगितलं असणार?

"ग्वा!" ती थक्क होऊन म्हणाली. "तुम्हाला तिकडे बसून कसं कळलं?"

"इथे दिसतं ना आम्हाला, सेन्योरा."

"कालपासून बंद आहे."

"कालपासून? मग त्याआधी आवाज येत होता?"

"त्याआधी एकदाच वाजला. रविवारी. तेव्हा लाटा नव्हत्या... पण आत खोल सुरू झाल्या असतील. समुद्राचं काय सांगावं."

"सेन्योरा, ते बंदर उघडावं लागेल. म्हणजे आवाज आत येईल."

"माझ्या हातात असतं तर आत्ता उघडलं असतं, बाळा. ते कप्तानाच्या हातात."

"ज्याच्या हातात असेल त्याला सांगा. आणखी काही मदत हवी आहे?"

"नाही. देव तुझं भलं करो. कुणी तरी खरं बोललं."

आणि एउदोसिया हलक्या मनाने घरी आली. रोग कळला की निम्मा बरा झाला. लाटा बसतील, बावटा उतरेल, बोटी येतील, त्यांच्या मागून असुसेनाचा आवाजही येईल. आवाजही समुद्रावरूनच यायचा ना, इटलीहून? आणखी कुठून येणार?

ग्रिमानेसाला हे ऐकून पटलंही आणि नाहीही. "पण कोमाद्रे, मग बेल कशी आली आत?"

"बेल हलकी असते," एउदोसिया म्हणाली. "शब्द जड असतात."

ग्रिमानेसाने रिसीव्हर उचलून हातात तोलून पाहिला.

बुधवारी बावटा तसाच. गुरुवारी तसाच. गुरुवारी दुपारी एउदोसियाने ठेवणीतली काळी शाल खांद्यावर घेतली, केस चापून बांधले आणि बंदर कचेरीत गेली. टेबलाशी एक तरुण नाविक होता, डोंगराकडचा, समुद्राला मनातून घाबरणारा.

"बाळा, रविवारपर्यंत बंदर उघडेल का?"

"दोन्या, त्या लाटांना विचारा. तुमची बोट कोणती?"

"माझी बोट नाही. मला एक हाक आत आणायची आहे."

"काय आणायचंय?"

"हाक. माझ्या लेकीची. इटलीहून. थोडंसं उघडलंत तरी चालेल. अर्धा तास."

नाविकाने तिच्याकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं, मग अगदी हळू आवाजात विचारलं, "दोन्या, जेवलात ना तुम्ही?"

तो बिचारा चांगल्या मनानेच बोलला. पण एउदोसियाने शाल सावरली आणि ती निघाली. वेड्यांशी बोलतात तसा तो बोलत होता. परतताना ती धक्क्याजवळ थांबली. लाटा पांढऱ्या होऊन फुटत होत्या आणि पहिल्यांदाच तिच्या मनात आलं की रविवार येईल, फोन वाजेल, आणि आपण पुन्हा त्या विहिरीत कान घालून बसू.

शुक्रवारी नोएलिया लग्नाहून आली. एउदोसियाने तिला सगळं सांगितलं: बंदर, बावटा, नाविक. नोएलिया आधी ऐकत राहिली, मग तिच्या तोंडातला वेफर उडाला, आणि मग ती इतकी हसली की कॅबिनातली गिऱ्हाइकं आडोशांवरून डोकावू लागली.

"हस," एउदोसिया म्हणाली. "हसून घे. मग सांग."

नोएलियाने डोळे पुसले. एउदोसियाचा चेहरा पाहून तिचं हसू आपोआप मावळलं.

"तिया, बसा. चूक तुमची नाही. मीच रिसीव्हर देऊन पळाले." तिने एक वेफर टेबलावर ठेवला. "ही ग्रिमानेसा आत्याच्या घरातली लाइन. जेनोआचा आवाज अख्खा येत नाही. त्याचे तुकडे करतात आणि टोपल्या-टोपल्यांनी पाठवतात."

"मासळीसारखे?"

"अगदी. प्रत्येक टोपलीवर पत्ता."

"एखादी टोपली वाटेत पडली तर?"

"तर एखादा शब्द गळतो."

"आणि उशिरा आली तर?"

"शिळी म्हणून टाकून देतात. पुढची घेतात."

एउदोसियाने मान हलवली. "बरोबर करतात. मग?"

"टोपल्या आधी मोडेमपाशी येतात. तारेतली भाषा वेगळी, घरातली वेगळी. मोडेम म्हणजे दुभाषा. तिथून राउटरकडे. राउटर म्हणजे दारात उभा असलेला वाटप्या: ही टोपली संगणकाची, ही त्या घराची. बाहेरच्या जगाला फक्त आत्याचं दार माहीत आहे. छपरावरून पुढे तार गेलीय, तिच्या टोकाला तुम्ही आहात, हे जगाला माहीतच नाही."

"माझं घर जगाला माहीत नाही?"

"नाही. आता त्या दारात खूप छोटी दारं असतात, नंबर घातलेली. त्यांना म्हणतात बंदरं. आवाजाच्या टोपल्या एका बंदरावर येतात. वाटप्या विचारतो, ही कुणाची? कुणी सांगून ठेवलेलं नाही. मग तो त्या टोपल्या समुद्रात फेकतो. आम्ही त्याला सांगायचं, बाबा रे, या नंबरच्या बंदरावर जे येईल ते छपरावरून एउदोसियाच्या डब्याकडे पाठव. याला म्हणतात बंदर उघडणं."

"आणि बेल कशी येते?"

"ती दुसऱ्या वाटेने. तुमचा डबाच सारखा बाहेर हाका मारत असतो, 'काही निरोप?' म्हणून. त्या वाटेने बेल आत शिरते. आणि तुमचा आवाज जातो, कारण बाहेर जाणाऱ्याला वाटप्या अडवत नाही."

एउदोसियाने तो वेफर बोटाने टेबलाच्या कडेला सरकवला.

"म्हणजे ती बोलत होती," ती म्हणाली, "आणि तिचं बोलणं शेजारच्या घराच्या दारात पडलेलं होतं."

"हो, तिया."

"चल. उठ."

पण राउटरला होता पासवर्ड. तो तेओदोमिरोने घातला होता आणि तेओदोमिरो होता बोटीवर. बंदर बंद झाल्यामुळे त्यांची 'व्हिर्हेन दे ला लूस' दक्षिणेच्या भूशिरामागे नांगर टाकून पडली होती. ग्रिमानेसाच्या मुलीलाही पासवर्ड ठाऊक नव्हता.

"मागे एक बारीक भोक असतं," नोएलिया म्हणाली. "सुई घातली की सगळं पुसलं जातं. पण मग लाइनचाही पासवर्ड जाईल. तोही त्याच्याकडेच. रविवारी बेलसुद्धा वाजणार नाही."

"म्हणजे," ग्रिमानेसा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "शेवटी ते बंदर उघडल्याशिवाय हे बंदर उघडत नाही. कोमाद्रे, तू काही अगदीच येडी नव्हतीस."

तेव्हा एउदोसियालाच सुचलं. बंदर बंद असलं तरी कचेरीतून बोटींची रोज सकाळी रेडिओवर हजेरी होते. शनिवारी सकाळी तिघी त्या नाविकासमोर उभ्या राहिल्या. एउदोसियाला पाहून तो खुर्चीतून अर्धा उठला. पण या वेळी नोएलियाने सगळं नीट सांगितलं, आणि त्याचा चेहरा मोकळा झाला.

"माझीही आई डोंगरात एकटी आहे," तो म्हणाला आणि रेडिओची कळ दाबली.

'व्हिर्हेन दे ला लूस'ने उत्तर दिलं. खरखरीतून तेओदोमिरोचा आवाज आला.

"काय झालं? कोण आजारी आहे?"

"कुणी नाही," नाविक म्हणाला. "तुझ्या राउटरचा पासवर्ड हवाय. दोन्या एउदोसियाच्या फोनसाठी. सांग."

बराच वेळ फक्त खरखर.

"ऐकू येतंय का?"

"येतंय," तेओदोमिरो म्हणाला. "पण... तो रेडिओवर सांगता येणार नाही. सगळ्या बोटी ऐकतात."

"चोर येऊन तुझं इंटरनेट पळवणार आहेत का?"

"तसं नाही. सासूबाई आहेत का तिथे?"

ग्रिमानेसाने नाविकाच्या हातातून रेडिओचा माइक खेचून घेतला. "आहेत! सांग मुकाट्याने!"

"सासूबाई, मी ते गमतीने—"

"सांगतोस की पोहत येऊ?"

खरखर. मग मरायला निघालेल्या माणसाच्या आवाजात तेओदोमिरो म्हणाला, "खाष्टसासू. सगळं जोडून. मध्ये जागा नाही. सगळी छोटी अक्षरं."

रेडिओवर एक बोट हसली, मग दुसरी, मग भूशिरामागे पडलेला सगळा ताफा. कुणीतरी ओरडलं, "माझाही तोच आहे!"

नाविक टेबलाखाली काहीतरी शोधू लागला. एउदोसियाने ग्रिमानेसाकडे पाहिलं. तिचा चेहरा लाल झाला होता. या बाईने आत्ता पाठ फिरवली, मनात आणून तार ओढून काढली, तर उद्या बेलही नाही. एउदोसियाला आपल्या कोमाद्रेचा स्वभाव पक्का माहीत होता. एका उसन्या सुरीवरून तिने एकदा वर्षभर अबोला धरला होता.

"कोमाद्रे..." ती हळूच म्हणाली.

"थांब," ग्रिमानेसा म्हणाली. तिने माइक तोंडाशी धरला. "तेओदोमिरो, ऐक. परत आलास की जेवायला माझ्याकडेच यायचं आहे तुला. लक्षात ठेव." आणि कळ सोडून ती नोएलियाकडे वळली. "चल गं. टाक ते एकदा. बघू माझ्या नावाने दार उघडतं का."

उघडलं. ग्रिमानेसाच्या स्वयंपाकघरात, संगणकाच्या पडद्यासमोर, नोएलियाने नंबर टाकला. कंपनीचा एक खास नंबर होता. त्यावर जे बोलाल ते तुमचं तुम्हाला परत ऐकू यायचं. प्रतिध्वनीची परीक्षा म्हणतात तिला. एउदोसिया आपल्या घरात फोन धरून उभी, नोएलिया भिंतीपलीकडून ओरडतेय.

"आलं का?"

"नाही!"

नोएलियाने डोकं खाजवलं. बंदर उघडलं होतं, पण चुकून संगणकाच्या पत्त्यावर. तिने आकडा बदलला. "आता बोला!"

"कोण आहे तिकडे?" एउदोसिया रिसीव्हरमध्ये गरजली.

क्षणभर काही नाही. मग कानात एक म्हातारी कडाडली: "कोण आहे तिकडे?"

एउदोसियाने रिसीव्हर कानापासून लांब धरला. तो तिच्या आईचा आवाज होता. हुबेहूब. त्याच आवाजाने आई तिला विहिरीवरून हाक मारायची आणि ती ओट्याखाली लपायची. रविवारी असुसेनाने ऐकला तो हा.

भिंतीपलीकडून नोएलिया विचारत होती, "आलं का, तिया? आलं?"

"आलं," एउदोसिया म्हणाली. मग तिने रिसीव्हर पुन्हा कानाला लावला आणि हळू आवाजात म्हणाली, "पोरी." थोड्या वेळाने कुणीतरी तिला हळूच म्हणालं, "पोरी." तिने पुन्हा म्हटलं. आवाज अजून जरा मऊ करून पाहिला. बराच वेळ ती तशीच उभी राहून स्वतःशी बोलत होती, आणि नोएलियाने मध्ये विचारलं नाही.

निघताना नोएलियाने एकच गोष्ट बजावली. "तिया, आवाजाला यायला जायला जरा वेळ लागतो. तुम्ही बोललात की थांबायचं. लगेच उत्तर आलं नाही म्हणून रागवायचं नाही. ती गप्प नसते, वाटेत असते."

रविवारी माध्यान्हीची घंटा झाली. लाल बावटा अजून वर होता. एउदोसिया खुर्ची ओढून डब्यासमोर बसली होती. ग्रिमानेसा दारात, आत न येता, पण जातही नव्हती.

फोन वाजला. एउदोसियाने लगेच उचलला नाही. आधी ॲप्रनला हात पुसले.

"पोरी?"

काहीच नाही. तीच विहीर. तिचं तोंड उघडलं, आणि तिने ते मिटलं. वाटेत असते. वाटेत असते.

"आई?"

एउदोसियाने डोळे मिटले. "ऐकू येतंय," ती म्हणाली. "असुसेना, मला ऐकू येतंय तुझं. त्या दिवशी नव्हतं आलं."

"आई, मी तुला त्या दिवशी—"

"त्या दिवशी मी—"

दोघींचे शब्द मध्येच कुठेतरी धडकले. दोघीही थांबल्या.

"तू बोल," असुसेना म्हणाली.

"नाही, तू."

"बरं... आई, मी विचारलं होतं..."

"काय विचारलं होतंस ते नोएलियाने सांगितलं. ये. दोघी या." आणि मग, पलीकडची शांतता सहन न होऊन, पण रागावून नव्हे, ती पुढे बोलत गेली: "विमानात पोरीच्या कानात कापूस घाल. आणि तिकडचं दूध आणू नकोस, इथे बकरी आहे. तिला दात आलेत का?"

वाटेत. वाटेत. मग हसण्याचा आवाज आला, आणि हसण्यातच नाक ओढल्याचा.

"दोन," असुसेना म्हणाली. "खालचे. आई, बोटाला चावते ती."

"चावू दे," एउदोसिया म्हणाली. "आपल्यातलीच आहे."

पलीकडून एक लहान, अनोळखी, चिडका आवाज आला. तो तुकड्या-तुकड्यांनीच आला, आणि एकही टोपली वाटेत पडली नाही. दारात ग्रिमानेसाने ॲप्रन डोळ्यांना लावला आणि वर म्हणाली, "फोडणीचा कांदा जळाला वाटतं माझा." घरात चूलही पेटलेली नव्हती.

लाटा मंगळवारी बसल्या. तेओदोमिरो आला तेव्हा अख्खा धक्का त्याच्या स्वागताला उभा होता. जेवण सासूकडेच झालं. ग्रिमानेसाने त्याला भरपूर वाढलं आणि जेवण संपेपर्यंत एक शब्द बोलली नाही. तो नंतर म्हणायचा, त्यापेक्षा तिने मारलं असतं तर बरं. पुढे त्याने समुद्र सोडला, पाइताला लोकांच्या घरी तारा जोडायचं काम धरलं, आणि आता त्याची दोन मुलंही तेच करतात.

असुसेना जूनमध्ये आली. कोळ्यांचा संत सान पेद्रो याची मूर्ती सणाला बोटीवर चढायच्या आदल्या दिवशी बियांकाचा बाप्तिस्मा झाला, आणि हातावर घेतलं नोएलियाने. मायलेकी त्या तीन आठवड्यांत दोनदा भांडल्या आणि दोन्ही वेळा पुन्हा बोलल्या. असुसेना परत गेली. जेनोआतच एका बस-मेकॅनिकशी लग्न केलं. दर दोन वर्षांनी यायची.

तो डोंगराकडचा नाविक बदली होऊन आपल्या गावाजवळ गेला. त्याचं नाव मात्र कुणीच विचारून ठेवलं नाही, याची हळहळ वाटते.

नोएलियाची कॅबिना २०१२ साली बंद पडली. प्रत्येकाच्या खिशात फोन आल्यावर चौकात कोण येणार? ती पिउराला गेली, तिथे शाळेत मुलांना संगणक शिकवते. वजन फार वाढलंय म्हणते.

ग्रिमानेसा २०१३ साली साखरेच्या दुखण्याने गेली. एउदोसिया तिच्या उशाशी बसून होती.

एउदोसिया आणखी चार वर्षं जगली. शेवटच्या दिवसांत असुसेना आली होती, आणि फोनशिवाय, एका खोलीत, दोघी पुष्कळ बोलल्या. घर आता भाड्याने दिलंय. तिथे जाळ्या विणणारं एक जोडपं राहतं.

बियांका जेनोआला परिचारिका होते आहे. गेल्या उन्हाळ्यात ती पहिल्यांदा एकटी आली. धक्क्यावर उभं राहून तिने कुठल्याशा कोळणीशी भावावरून घासाघीस केली, आणि इतका आवाज चढवला की जुनी माणसं घरातून बाहेर येऊन पाहू लागली.